दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि परदेशाची वाट

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चांद्याच्या भूमीवर आपल्या आजा-पणज्यांना धम्मदीक्षा दिली. त्या मैदानावर बसलेल्या अनेकांना आपले नावही लिहिता येत नव्हते. आज त्यांची नातवंडे-पणतवंडे शिक्षक आहेत, अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, आणि गेल्या काही वर्षांत त्यांत दंतवैद्यांची म्हणजे बी.डी.एस. झालेल्या मुलामुलींची भर पडली आहे. मुलींची संख्या त्यांत डोळ्यांत भरण्यासारखी आहे, ही आम्हांस विशेष अभिमानाची बाब वाटते.

या मुलांशी बोलताना मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. पुढे काय, असे विचारले की कोणी एम.डी.एस. म्हणतो, कोणी स्पर्धा परीक्षा म्हणतो, कोणी नुसताच हसतो. परदेशी शिकायला जाणार का, या प्रश्नावर बहुतेकांचे उत्तर 'बघू' असे येते. आणि मग मंडळाच्या बैठकीत कोणीतरी ज्येष्ठ हमखास म्हणतात, "आपल्या मुलांत हिंमत नाही. बाबासाहेब गेले, यांना काय झाले?"

हे म्हणणे आम्हांस पटत नाही. परदेशी जाण्याची इच्छा ही कोणाच्या रक्तात असते आणि कोणाच्या नसते, असे मानणे सोपे आहे; पण ते खरे नाही. इच्छा घडते. ती घरच्या हिशेबातून घडते, वेळेवर मिळालेल्या माहितीतून घडते, आणि कोणत्या दारावर सरकारी पैशाची किल्ली चालते यावरून घडते. दंतवैद्यकाच्या बाबतीत तर हे फारच स्पष्ट दिसते. म्हणून हा विषय थोडा उलगडून मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू, कारण त्यांचे उदाहरण आपण नेहमी देतो आणि त्यातला व्यवहार नेहमी विसरतो. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा लेखी करार. पुढे लंडनमध्ये त्यांचा अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. बाबासाहेबांच्या हिंमतीबद्दल कोणी शंका घेईल काय? तरीही पैसा थांबला तेव्हा त्यांना थांबावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी काटकसरीने पैसे साठवले, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी. मिळाली ती १९२३ साली. म्हणजे एका शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, करार, नोकरीतील बचत, राजाश्रय आणि मित्राचे कर्ज असे पाच आधार लागले. आपल्या मुलांपुढे या पाचांपैकी किती आहेत, हा प्रश्न हिंमतीच्या प्रश्नाआधी विचारला पाहिजे.

आपल्या चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे उदाहरणही डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. ते इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परत आले, चांद्याच्या दीक्षा सोहळ्याच्या उभारणीत पुढे राहिले, आणि १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. आणि दंतवैद्यकापुरते बोलायचे तर आपल्या देशातील या शिक्षणाची सुरुवातच परदेशी शिकून परत आलेल्या माणसाने केली आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्याला देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. तेव्हा दंतवैद्यकात परदेशाची वाट नवी नाही, ती फार जुनी आहे. ती आपल्या वस्तीपर्यंत आलेली नव्हती, एवढेच.

आता ही वाट अभियंत्याच्या वाटेपेक्षा वेगळी कशी, ते समजून घेणे जरूर आहे. संगणक शिकलेला मुलगा एम.एस. करायला अमेरिकेला जातो, पदवी घेतो, नोकरी धरतो. त्याला तेथे काम करण्यासाठी कोणत्या परिषदेचा परवाना लागत नाही. दंतवैद्याचे तसे नाही. आपली बी.डी.एस. ही चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता अशी पाच वर्षांची पदवी आहे. पण ती घेऊन अमेरिका, इंग्लंड, कॅनडा वा ऑस्ट्रेलियात कोणाच्या तोंडात आरसा घालता येत नाही. प्रत्येक देशाची आपली परीक्षा, आपली नोंदणी. पहिल्याच वर्षी हे कोणी सांगत नाही. मुलांना ते कळते आंतरवासितेत, तेही एखाद्या नागपूरच्या वर्गमित्राकडून, ज्याचा मामा न्यू जर्सीला असतो.

अमेरिकेचेच घ्या. तेथे जाऊन रुग्ण तपासायचे असतील तर आयएनबीडीई नावाची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती २०२० पासून सुरू झाली, त्याआधी तिचे दोन भाग वेगवेगळे होते. ही परीक्षा भारतात देता येत नाही. त्यासाठी अमेरिका किंवा कॅनडातच जावे लागते. म्हणजे प्रवेश मिळण्याआधीच व्हिसा, विमानभाडे आणि राहण्याचा खर्च. त्यानंतर इंग्रजीची परीक्षा, आपल्या गुणपत्रकांचे तेथील संस्थेकडून मूल्यांकन, मग परदेशी दंतवैद्यांसाठी असलेल्या दोन ते तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला अर्ज, मग मुलाखत, आणि काही ठिकाणी तर मेणाच्या किंवा कृत्रिम दातावर प्रत्यक्ष काम करून दाखवणे. त्या अभ्यासक्रमाची एकूण फी दीड-दोन लाख डॉलरांपर्यंत सहज जाते. रुपयांत मांडले की घरातील माणसे गप्प होतात.

इंग्लंडची रीत निराळी. तेथे जनरल डेंटल कौन्सिलची ओआरई ही दोन भागांची परीक्षा आहे. पहिला भाग लेखी, दुसरा प्रात्यक्षिकांचा. तेथे महाविद्यालयाची मोठी फी नाही हे खरे. पण परीक्षेच्या जागा थोड्या, इच्छुक फार, आणि जागा नोंदवायला मिळणे हीच एक परीक्षा होऊन बसली आहे. दुसऱ्या भागाची फी एकटीच चार हजार पौंडांच्या वर गेली आहे. ऑस्ट्रेलियात कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक असे तीन टप्पे आहेत. कॅनडातही टप्प्याटप्प्याच्या परीक्षा आहेत. जर्मनीत खर्च कमी, परंतु जर्मन भाषा इतकी यावी लागते की रुग्णाशी आणि सहकारी डॉक्टरांशी त्याच भाषेत बोलता आले पाहिजे. या साऱ्यांत वर्ष-दोन वर्षे केवळ तयारीची आणि वाट पाहण्याची जातात. या काळात घरी पैसा येत नाही, उलट जातो. ज्या घरात बी.डी.एस. होईपर्यंतच सर्वांनी पोटाला चिमटा घेतला, त्या घराला ही दोन वर्षे परवडतात का, यावर मुलाची 'इच्छा' ठरते.

दुसरी एक वाट आहे, आणि ती आपल्या विद्यार्थ्यांना फारशी ठाऊक नाही. रुग्णांवर उपचार न करता सार्वजनिक आरोग्य, दंत सार्वजनिक आरोग्य, साथरोगशास्त्र, रुग्णालय व्यवस्थापन, जैवपदार्थशास्त्र अशा विषयांत मास्टर्स करणे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनसारख्या ठिकाणी दंत सार्वजनिक आरोग्याचा एक वर्षाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. येथे परवाना परीक्षेची अट नाही, कारण तुम्ही कोणाचा दात काढणार नसता. बी.डी.एस. ही पदवी प्रवेशासाठी चालते.

येथेच शिष्यवृत्तीचा मुद्दा येतो, आणि आमच्या मते सगळ्या विषयाची मेख येथे आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून आहे. तिच्या वर्षाला ७५ जागा आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. आपल्या आदिवासी बांधवांसाठी केंद्राची आणि राज्याची वेगळी योजना आहे. या योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत. परवाना परीक्षेची फी, परीक्षेसाठीचा प्रवास, तयारीचे वर्ष यांसाठी त्या नाहीत. आणि अमेरिकेतील परदेशी दंतवैद्यांचा तो दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम हा मास्टर्स नव्हे; तो तेथील मूळ दंत पदवीचाच भाग आहे. त्यामुळे ज्या वाटेने दंतवैद्य परदेशात दंतवैद्य म्हणून उभा राहतो, त्या वाटेवर आपल्या शिष्यवृत्त्या चालत नाहीत. आणि ज्या वाटेवर त्या चालतात, त्या वाटेला आपली मुले दंतवैद्यक समजत नाहीत!

याचा परिणाम असा होतो की ज्याच्या घरी पैसा वा तारण आहे तो उपचाराच्या वाटेने जाऊ पाहतो. ज्याच्याकडे केवळ गुण आहेत, त्याच्यासाठी सार्वजनिक आरोग्याचे दार उघडे असते. पण ते दार आहे हेच त्याला उशिरा कळते, तोवर जाहिरातीची मुदत गेलेली असते. इच्छेचा अभाव म्हणून जे दिसते त्यातला मोठा भाग हा आहे.

शिष्यवृत्तीच्या अटींबद्दल दोन शब्द. जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आतले विद्यापीठ, वयाची मर्यादा, उत्पन्नाची मर्यादा, गुणांची टक्केवारी या अटी दोन्ही योजनांत आहेत आणि त्या वेळोवेळी बदलतात. राष्ट्रीय शिष्यवृत्तीत अलीकडच्या जाहिरातींनुसार किमान ६० टक्के गुण, ३५ वर्षांची वयोमर्यादा, आठ लाख रुपये कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आणि पहिल्या ५०० मधील विद्यापीठ अशी रचना आहे. बी.डी.एस.ला ६० टक्के मिळवणे काय असते हे ज्याने दिले आहे त्यालाच ठाऊक. म्हणून पहिल्या वर्षापासून गुणांकडे पाहिले पाहिजे. नुसते उत्तीर्ण झालो यावर समाधान मानणाऱ्याचे दार तेथेच अर्धे बंद होते.

दुसरे असे की निवड होणे म्हणजे पैसा हाती पडणे नव्हे. २०२५ साली राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली. जुलै महिन्यात त्यांपैकी पहिल्या ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र देऊ असे कळवले गेले. विद्यापीठे सप्टेंबरला उघडतात. अशी बातमी आमच्या गावात वर्तमानपत्रातून पोचते तेव्हा तिचा परिणाम त्या ६६ जणांपुरता राहत नाही. पुढच्या वर्षी अर्ज करणार असलेल्या मुलाचा बाप ती वाचतो आणि म्हणतो, "राहू दे बाबा, येथेच काहीतरी पाहा." असा बाप भित्रा नसतो. त्याने आयुष्यभर सरकारी पैशाची वाट पाहिलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

मग कर्ज का काढत नाहीत, असे शहरातील नातेवाईक विचारतात. साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. आता आपल्या दोन जिल्ह्यांत तारण म्हणून काय आहे ते पाहू. वेकोलिच्या खाणीत, औष्णिक विद्युत केंद्रात किंवा बल्लारपूरच्या कागद गिरणीत नोकरी केलेल्या माणसाने चंद्रपूर-बल्लारपूरला प्लॉट घेऊन घर बांधले असेल, तर ते बँकेला चालते. शासनाकडून वाटपात मिळालेली भोगवटादार वर्ग दोनची शेती असेल तर तिच्या व्यवहारावर निर्बंध असतात, परवानगीचे कागद लागतात. आणि वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेली जमीन तर वारसाने पुढे जाते, परंतु ती विकता वा हस्तांतरित करता येत नाही. ही तरतूद जमीन हातची जाऊ नये म्हणून केलेली आहे आणि ती योग्यच आहे. पण बँकेच्या टेबलावर त्या पट्ट्याची किंमत होत नाही. म्हणून बल्लारपूरचा मुलगा आणि एटापल्लीची मुलगी एकाच वर्गात, सारख्या गुणांनी शिकत असले तरी परदेशाबद्दल दोघांची उत्तरे वेगळी येतात. येथे महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिची चौकशी जरूर करावी. पण कर्ज ते कर्जच. परवाना परीक्षेत एकदा अपयश आले तर हप्ता थांबत नाही.

घराचा विचार केवळ पैशाचा नसतो. आपल्या मुलांना दंत महाविद्यालयासाठी जिल्हा सोडूनच जावे लागते. नागपूर, सावंगी मेघे, अमरावती, नाहीतर आणखी दूर. सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर, पुढे नागपूर आणखी पावणेदोनशे. तेथून आलेली मुलगी वसतिगृहात राहिली, आठव्या-दहाव्या वर्गापर्यंत मराठीत शिकलेली असताना शरीररचनाशास्त्र इंग्रजीत शिकली, वर्गात उत्तर येत असूनही चुकेल म्हणून गप्प बसली आणि तरी डॉक्टर झाली. आम्हांस विचाराल तर परदेश तिने एकदा पाहिलेला आहे. तिला लंडनची भीती नसते. तिला घरची काळजी असते. आईचे गुडघे, धाकट्या भावाची अकरावी, आणि आजीचा प्रश्न, "तिकडं कोण आहे आपलं?" या प्रश्नाला उत्तर असेल तर पाय निघतो. शीख, गुजराती, तेलुगू समाजांच्या मुलांना ते उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्याही समाजाचे लोक इंग्लंड, अमेरिका, कॅनडात आहेत, तेथे बुद्धविहारे आहेत, आंबेडकरी संस्था आहेत. पण सिरोंच्याच्या आजीला त्यांचे नाव-गाव कोण सांगणार?

मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषय काढल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. बी.डी.एस. झाली की स्थळे येऊ लागतात. बायोडाट्यात 'डॉक्टर' लिहिले जाते आणि मग पुढच्या शिक्षणाचा निर्णय मुलीच्या हातून निसटतो. लग्नानंतर शिकू देऊ, असे वचन देणारी मंडळी असतात आणि पाळणारीही असतात. पण वयोमर्यादा आणि जाहिरातीची तारीख वचनाची वाट पाहत नाही. ज्या उपासक-उपासिकांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांनी एवढेच करावे : आंतरवासितेच्या वर्षी तिला अर्ज करू द्यावा. निवड झाली नाही तर स्थळे कोठे पळून जात नाहीत.

आता दुसरी बाजू. काही मुले जाऊ इच्छितात ती परदेशाच्या ओढीने नव्हे, तर येथे उभे राहायला जागा नाही म्हणून. देशात दंत महाविद्यालयांची संख्या तीनशेच्या वर आहे. बी.डी.एस.च्या जागांच्या मानाने एम.डी.एस.च्या जागा थोड्या, त्यांत शासकीय फीच्या आणखी थोड्या. सरकारी दंतशल्यचिकित्सकाची पदे जिल्हा, उपजिल्हा आणि काही ग्रामीण रुग्णालयांपुरती. प्राथमिक आरोग्य केंद्रात असे पद सहसा नसते. स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, जागेचे भाडे, आणि तालुक्याच्या गावी दातासाठी पैसा मोजणारे रुग्ण किती? दात दुखला की काढून टाका, हाच आग्रह. मग मुलगा नागपूरला एखाद्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर सहाय्यक म्हणून राबतो. त्याला 'परदेशी जायचे आहे' असे वाटते तेव्हा त्यात शिकण्याची इच्छा किती आणि सुटका किती, हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे. सुटकेसाठी निघालेला माणूस पहिल्या नकाराला खचतो, असे आम्ही पाहिले आहे.

शिकण्यासाठी निघणाऱ्याला मात्र आपल्याच जिल्ह्याने एक मोठी शिदोरी दिली आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबत आपण हा विषय का शिकू इच्छितो याचे निवेदन लिहावे लागते. बहुतेक मुले ते कोठून तरी उतरवून घेतात : लहानपणापासून मला लोकांच्या हास्याची आवड होती वगैरे. अरे, तुम्ही खर्ऱ्याच्या मुलखातून आला आहात! सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरणारी माणसे तुम्ही लहानपणापासून पाहिली. शाळकरी मुलांच्या खिशात पुडी पाहिली. तोंड उघडेनासे झालेले, भाताचा घास चेपून आत ढकलणारे शेजारी पाहिले. सबम्युकस फायब्रोसिस म्हणून पुस्तकात जो विकार आहे, त्याचे वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केले ते पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांवरून. लंडन वा बॉस्टनचा विद्यार्थी हा विकार क्वचित पाहतो. गडचिरोलीची मुलगी तो आठवडी बाजारात पाहते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी खर्रा थांबलेला नाही. तो कशाने कमी होतो, गावाचा ठराव, शाळा, दर, की उपचार, हा जगातल्या कोणत्याही सार्वजनिक आरोग्य विभागाला महत्त्वाचा वाटेल असा प्रश्न आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासनाबरोबर २०१६ पासून गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या नावाने दारू व तंबाखूविरोधी काम उभे केले आहे. आंतरवासितेत अशा कामात चार आठवडे घालवलेल्या विद्यार्थ्याच्या निवेदनाला वजन येते.

फ्लोराईडचे तसेच. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. त्या गावांतील मुलांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग आपण 'ब्रश करत नाही' म्हणून हसण्यावारी नेतो. दात घडत असतानाच हे पाणी पोटात गेल्याने ते डाग येतात, घासून जात नाहीत. आपल्या गावच्या हातपंपाची चौकशी करणारा विद्यार्थी आणि उतारा नकलून काढणारा विद्यार्थी यांतला फरक परीक्षकाला दोन ओळींत कळतो.

परत येण्याबद्दल समाजात जो सूर लावला जातो त्यावरही लिहिले पाहिजे. गेलेली मुले परत येत नाहीत, समाजाला विसरतात, अशी तक्रार आपण करतो. ती सर्वस्वी खोटी नाही. पण बडोद्याच्या करारात नोकरीची अट होती तशी नोकरी देण्याची तयारीही होती. ती नोकरी बाबासाहेबांना बडोद्याच्या जातीयतेने करू दिली नाही, हा भाग वेगळा आणि सर्वांना माहीत आहे. आज आपण मुलाकडून परतण्याचे वचन मागतो, पण तो परतला तर त्याला बसायला खुर्ची कोठे आहे? शिवाय परदेशातील तज्ज्ञ पदवी येथे मान्य होईल का, येथे पुन्हा चाचणी परीक्षा द्यावी लागेल का, हे अभ्यासक्रम निवडण्याआधीच तपासावे लागते. ते न तपासता गेलेल्याला परत येऊन पाटी लावणे अवघड होते. शिष्यवृत्तीच्या कागदात परतण्याची काही अट आहे का, आणि शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांवर सेवाबंधाची अट आहे का, हेही सही करण्याआधी वाचावे. जो सार्वजनिक आरोग्य शिकून येईल त्याला मात्र परवान्याचा हा पेच नाही. त्याच्यासाठी चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही आता ते सुरू झाले आहे, जिल्हा परिषदा आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत. आमचा कल कोणत्या वाटेकडे आहे हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. उपचाराची वाट धरणाऱ्यांना आम्ही कमी लेखत नाही. पण ज्याच्याजवळ तारण नाही त्याने दुसऱ्याच्या तारणाकडे पाहून वाट निवडू नये.

आता वेळापत्रक, कारण बरेचसे घोडे तेथेच अडते. पासपोर्ट तिसऱ्या वर्षीच काढून ठेवावा. शाळेचा दाखला, आधार आणि पदवीच्या कागदांवर नाव एकाच प्रकारे लिहिले आहे का ते आधी पाहावे. वडिलांचे नाव एका कागदावर 'रामा' आणि दुसऱ्यावर 'रामाजी' असेल तर तेवढ्यानेही दोन महिने जातात. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी काढलेले असतेच, पण केंद्राच्या योजनेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, हे नवबौद्ध विद्यार्थ्यांनी विसरू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, परंतु दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख कसा आहे यावर आजही कारकून अडून बसतात. उत्पन्नाचा दाखला त्या-त्या वर्षाचाच लागतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून गुणपत्रकांची अधिकृत प्रत मागवायला वेळ लागतो, अभिमत विद्यापीठांची पद्धत वेगळी. तो अर्ज आंतरवासिता सुरू होताच करावा. महाविद्यालयाला शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा पोचली म्हणून मूळ कागद अडकल्याच्या तक्रारी येतात. तसे झाल्यास तोंडी वाद न घालता लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात प्रत द्यावी. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षेच चालतात, म्हणून ती फार लवकर देऊ नये. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना शेवटच्या आठवड्यात गाठू नये.

दोन्ही जिल्ह्यांतून ज्यांनी यांपैकी कोणतीही परीक्षा दिली आहे, उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण, त्यांनी आपले नाव, वर्ष आणि कोणत्या टप्प्यावर काय अडले हे मंडळाच्या वाचनालयात ठेवलेल्या वहीत लिहून द्यावे. अनुत्तीर्ण झालेल्यांनी तर अवश्य लिहावे. पुढच्याला त्याचाच अधिक उपयोग आहे. वही ग्रंथपालांकडे रविवारी सकाळी वंदनेनंतर मिळेल.